कोकणातील संशोधन आणि जुनी दप्तरे मुक्त भांडारात कशी ठेवावीत

महाविद्यालयात शिकवताना लिहिलेले शोधनिबंध, विद्यापीठाला सादर केलेले प्रबंध, माळ्यावर गाठोड्यात बांधून ठेवलेली मोडी दप्तरे, देवस्थानांच्या हिशेबाच्या वह्या, बंद पडलेल्या स्थानिक मासिकांचे अंक आणि गावातील वयोवृद्धांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, असे पुष्कळ साहित्य रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत विखुरलेले आहे. ते कोणत्याही वाचकाला विनामूल्य पाहता येईल, शोधून सापडेल आणि अनेक वर्षांनंतरही त्याच पत्त्यावर राहील अशा ठिकाणी कसे ठेवावे, हे येथे सांगितले आहे. शिक्षक, संशोधक विद्यार्थी, वाचनालयांचे ग्रंथपाल आणि ज्यांच्या घरात जुने कागद आहेत अशी कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

कोकणात हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. पावसाळ्यातील दमट हवेने कागदाला बुरशी येते, आणि जे बुरशीतून वाचते त्यावर वाळवी व कसर तुटून पडतात. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत असंख्य घरांची छपरे उडवली. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 रोजी, वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले आणि घरे, दुकाने व कार्यालये यांत ठेवलेली कागदपत्रे पाण्याखाली गेली. मूळ कागदाची जागा प्रतिमा घेऊ शकत नाही हे खरे असले, तरी मूळ कागद नष्ट झाल्यावर मजकूर तरी हाती राहावा यासाठी प्रतिमा आधीच काढून ती सुरक्षित ठिकाणी पोहोचलेली असली पाहिजे. आजकाल छायाचित्रे काढणे कोणालाही जमते. पण त्या छायाचित्रांत काय आहे, ते कोठले, कधीचे आणि कोणाच्या हक्काचे आहे याची नोंद फार थोडे लोक करतात. म्हणून या संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ नोंद लिहिण्यासाठी राखून ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

भांडार कशाला म्हणावे

मुक्त प्रवेशाची संकल्पना 2002 च्या बुडापेस्ट येथील आणि 2003 च्या बर्लिन येथील जाहीरनाम्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली. वाचकाकडून पैसे न घेता, आणि श्रेय देण्याच्या अटीवर साहित्याचा पुनर्वापर करू देऊन, विद्वत्तापूर्ण लेखन जालावर खुले ठेवणे हे तिचे सार आहे. हे ज्या ठिकाणी घडते त्या भांडारात चार गोष्टी असाव्या लागतात. प्रत्येक नोंदीला न बदलणारा ओळखक्रमांक मिळावा. नोंदी प्रमाणित रचनेत असाव्यात. त्या नोंदी इतर शोधयंत्रणांना आपोआप उचलता याव्यात. आणि साहित्य दीर्घकाळ सांभाळण्याची जबाबदारी एखाद्या संस्थेने जाहीरपणे घेतलेली असावी.

या कसोटीवर व्हॉट्सॲपचा गट, फेसबुकचे पान आणि गूगल ड्राइव्हचा दुवा यांपैकी काहीही भांडार ठरत नाही. खाते बंद झाले किंवा ते चालवणारी व्यक्ती निवृत्त झाली की दुवा तुटतो. महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधले गेले की जुन्या पीडीएफ धारिका हरवतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. रिसर्चगेट आणि अकॅडेमिया ही संशोधकांची सामाजिक माध्यमे खासगी कंपन्या चालवतात. तेथे लेख ठेवण्यास हरकत नाही, परंतु तो आधी खऱ्या भांडारात असावा आणि मग तेथे त्याचा दुवा द्यावा.

कोणते साहित्य कोठे ठेवावे

पीएच.डी.च्या प्रबंधांचा मार्ग ठरलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले आणि ती गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात विद्यापीठामार्फत जाते. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाला प्रबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्याने पदवी मिळाल्यानंतर आपला प्रबंध तेथे खरोखर दिसतो का, शीर्षक व नाव बरोबर आहे का आणि सर्व प्रकरणे उघडतात का, हे स्वतः पाहावे, आणि काही राहिले असल्यास विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लेखी कळवावे. 1972 साली दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठातील आंबा, काजू, भात, मत्स्यव्यवसाय अशा विषयांवरील प्रबंधांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘कृषिकोश’ हे भांडार आहे. परिषदेने 2013 साली आणि केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी 2014 साली मुक्त प्रवेशाचे धोरण जाहीर केले. त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे लेख भांडारात ठेवणे अपेक्षित आहे, हे अनेक प्राध्यापकांच्या लक्षात नसते.

ज्यांच्यामागे अशी मोठी संस्था नाही त्यांच्यासाठी ‘झेनोडो’ हे भांडार मला सर्वांत सोयीचे वाटते. युरोपातील सर्न ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा ते 2013 पासून चालवते. कोणत्याही देशातील, कोणत्याही विषयाच्या संशोधकाला तेथे विनाशुल्क नोंद करता येते, एका नोंदीत 50 गिगाबाइटपर्यंतच्या धारिका मावतात आणि प्रत्येक नोंदीला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. शोधनिबंध, क्षेत्रकार्यातील तक्ते, सर्वेक्षणाची आकडेवारी, मुलाखतींचे लिप्यंतर हे सर्व तेथे चालते. हक्कमुक्त झालेली, म्हणजे कॉपीराइटची मुदत संपलेली, छापील पुस्तके आणि नियतकालिकांचे अंक यांसाठी 1996 पासून चालू असलेले ‘इंटरनेट आर्काइव्ह’ योग्य आहे, कारण तेथे पुस्तक पान उलटत वाचता येते. वास्तू, शिलालेख, होड्या, जत्रा यांची छायाचित्रे ‘विकिमीडिया कॉमन्स’वर ठेवावीत, आणि हक्कमुक्त पुस्तकाचा मजकूर टंकलिखित करून मराठी विकिस्रोतावर नेल्यास तो शब्दाशब्दाने शोधता येतो.

लहान महाविद्यालयाने स्वतःचा सर्व्हर घेऊन डीस्पेससारख्या प्रणालीवर स्वतंत्र भांडार उभारण्याची घाई करू नये. ती प्रणाली 2002 पासून मोफत उपलब्ध आहे आणि चांगलीही आहे. परंतु तिची निगा राखणारा कायमचा तंत्रज्ञ, विजेचा अखंड पुरवठा आणि दरवर्षीचा खर्च यांची हमी नसेल तर दोन-तीन वर्षांत ती बंद पडते व त्यातील सर्व दुवे मरतात. त्यापेक्षा झेनोडोमध्ये महाविद्यालयाच्या नावाने ‘कम्युनिटी’, म्हणजे नोंदींचा सामाईक संग्रह, उघडावी आणि प्राध्यापकांच्या सर्व नोंदी तिच्यात एकत्र आणाव्यात.

हक्क कोणाचा, हे आधी ठरवावे

धारिका चढवण्याआधी ती चढवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, याचे उत्तर लेखी हाती असावे. शोधनिबंधाच्या बाबतीत साधारणपणे तीन रूपे असतात: नियतकालिकाकडे पाठवलेले पहिले हस्तलिखित, परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून स्वीकारले गेलेले हस्तलिखित आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेला लेख. अनेक प्रकाशक छापील रूप खुले करू देत नाहीत, पण स्वीकृत हस्तलिखित काही महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर भांडारात ठेवू देतात. त्यामुळे स्वीकृतीचे पत्र आले की त्याच दिवशी ते हस्तलिखित वेगळ्या नावाने जपून ठेवण्याची सवय लावावी.

मराठी नियतकालिकांत बहुधा लेखी करारच होत नाही, आणि ही गोष्ट लेखकाच्या बाजूची आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह झाले तरच ते वैध ठरते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. दिवाळी अंकात किंवा स्थानिक त्रैमासिकात कराराविना छापलेल्या लेखाचा हक्क, नोकरीचा भाग म्हणून तो लिहिलेला नसेल तर, सामान्यतः लेखकाकडेच राहतो. तरीही संपादकांना पत्र लिहून कळवणे आणि अंकाचा तपशील नोंदीत देणे हे सौजन्याचे आहे.

दिवंगत लेखकांच्या बाबतीत, हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क मृत्यूनंतरच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो. दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी धोंडो केशव कर्वे 9 नोव्हेंबर 1962 रोजी वारले. त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन 1 जानेवारी 2023 पासून सर्वांसाठी खुले झाले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे 1972 साली वारले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क 2032 च्या अखेरपर्यंत चालू राहतील, आणि त्यांचे ग्रंथ कितीही जुने दिसले तरी ते परस्पर चढवता येणार नाहीत. निनावी लेखनाची 60 वर्षे प्रकाशनापासून मोजतात. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा यांना वेगळा हक्क असतो, म्हणून शक्यतो जुनी आवृत्तीच वापरावी.

घरातील पत्रे आणि रोजनिशी यांबाबत लोकांची सर्वाधिक गल्लत होते. पत्राचा कागद ज्याच्या घरात आहे तो कागदाचा मालक असतो. मजकुराचा हक्क मात्र पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा असतो. शिवाय हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाची मुदत प्रथम प्रकाशनापासून मोजली जात असल्याने, लेखक वारून 60 वर्षे झाली म्हणून त्याची अप्रकाशित पत्रे मोकळी झाली असे समजू नये. पत्रलेखकाच्या वारसांची लेखी संमती घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. ग्रामपंचायत, तहसील किंवा न्यायालय यांच्या दप्तरातील कागद कोणाच्या घरी सापडले, तरी ते सार्वजनिक अभिलेख असू शकतात; त्यांबाबत संबंधित कार्यालयाला किंवा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाला विचारावे.

यानंतर परवाना निवडावा. स्वतःच्या लेखनासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या’ एवढीच अट असलेला सीसी-बाय 4.0 परवाना मी सुचवतो, कारण त्यामुळे लेखाचे भाषांतर करणे, तो पाठ्यपुस्तकात घेणे किंवा अंधांसाठी ध्वनिरूपात आणणे या गोष्टी नव्याने परवानगी न मागता होऊ शकतात. व्यापारी वापराला किंवा बदलाला मनाई करणारे परवाने पहिल्या नजरेत सुरक्षित वाटतात, परंतु असे साहित्य विकिमीडिया कॉमन्स स्वीकारत नाही आणि लहान प्रकाशकही त्यापासून दूर राहतात. जे साहित्य मुळातच हक्कमुक्त आहे त्याच्या प्रतिमांवर आपल्या संस्थेचे नाव आडवे छापणे किंवा ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहिणे अयोग्य आहे; नोंदीत संस्थेचे श्रेय देता येते आणि तेवढे पुरेसे आहे.

प्रतिमा आणि धारिका

जुन्या कागदांना हात लावण्याचे काम दसऱ्यानंतर हाती घ्यावे आणि मृगाच्या आधी संपवावे. ओलसर कागद उलगडताना फाटतो. चिकटलेली पाने ओढून सुटी करू नयेत, चिकटपट्टी लावू नये आणि कोणत्याही कारणाने लॅमिनेशन करू नये. रुमालात (दप्तर बांधण्याच्या कापडात) किंवा पुडक्यात कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रम बदलू नये, कारण कोणता कागद कोणाशेजारी ठेवला होता हीसुद्धा माहिती असते. विषयवार लावण्याचा मोह अनेकांना होतो. ती लावणी नोंदीत करावी, कागदांत करू नये.

छापील मजकुरासाठी 300 डीपीआय (प्रति इंच ठिपके) आणि मोडी किंवा अन्य हस्तलिखितासाठी 400 डीपीआय, पूर्ण रंगात, टिफ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात प्रतिमा काढाव्यात. स्कॅनर नसेल तर मोबाईल तिपाईवर घट्ट बसवून, खिडकीतून येणाऱ्या मंद उजेडात, फ्लॅश न लावता काढलेली छायाचित्रेही चालतात. मात्र पहिल्या चौकटीत कागदाशेजारी मोजपट्टी ठेवावी. पाठकोरी पाने, रुमालाचे कापड आणि त्यावरील चिठ्ठी यांचीही प्रतिमा घ्यावी. कडा कापू नयेत. टिफ प्रती मूळ म्हणून जपाव्यात आणि वाचकांसाठी त्यांपासून हलकी पीडीएफ करावी. धारिकांची नावे रोमन लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, गाव, दप्तराचा प्रकार, वर्ष आणि तीन अंकी पृष्ठक्रमांक या क्रमाने द्यावीत. पहिले पान 1 असे न लिहिता 001 असे लिहिल्याने संगणक पाने योग्य क्रमाने लावतो.

मराठी लेखनाची एक अडचण वेगळी सांगितली पाहिजे. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत तयार केलेल्या प्रबंधांच्या पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसतात, पण त्यातील अक्षरे संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतात, म्हणून ‘खोती’ किंवा ‘मिठागर’ असा शब्द शोधला तर तो सापडतच नाही. असा मजकूर परिवर्तकाच्या (टंक बदलणाऱ्या प्रणालीच्या) साहाय्याने युनिकोड या सर्व लिप्यांच्या प्रमाणित संकेतांत आणावा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत आणि मगच नवी पीडीएफ करावी. छापील जुन्या पुस्तकांसाठी टेसरॅक्ट ही मोफत अक्षरओळख प्रणाली मराठी वाचते. तिच्या चुका हाताने दुरुस्त कराव्या लागतात. मोडी लिपीला 2014 पासून युनिकोडमध्ये स्थान आहे, तरीही वाचकांच्या सोयीसाठी मोडी कागदासोबत बाळबोध (देवनागरी) लिप्यंतराची साधी मजकूर-धारिका जोडणे सर्वांत उपयोगी ठरते. आकडेवारीचे तक्ते एक्सेलऐवजी सीएसव्ही या साध्या मजकूर-स्वरूपात, यूटीएफ-8 या युनिकोडच्या संकेतनात, द्यावेत. ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत वेव्ह या न दाबलेल्या ध्वनीच्या स्वरूपात ठेवावी. सर्व धारिकांच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक किनारपट्टीपासून दूर, पुण्यात किंवा कोल्हापुरात असावी.

नोंद कशी लिहावी

‘मालवणची जुनी कागदपत्रे’ या शीर्षकाची नोंद असून नसल्यासारखी आहे. तीच नोंद, नमुन्यादाखल, अशी लिहिता येईल: ‘मालवण (तत्कालीन रत्नागिरी जिल्हा) येथील एका किराणा व्यापाऱ्याची जमाखर्चाची वही, शके 1829 ते 1831 (इ.स. 1907 ते 1910), मराठी, मोडी लिपी, 212 पृष्ठे’. ही दुसरी नोंद वाचून व्यापाराच्या इतिहासाचा अभ्यासक, मोडीचा विद्यार्थी आणि मालवणचा रहिवासी, तिघेही आपल्या उपयोगाची वस्तू आहे की नाही हे धारिका न उघडता ठरवू शकतात.

जगभरची भांडारे डब्लिन कोअर या 15 घटकांच्या रचनेचा आधार घेतात. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, दिनांक, भाषा, स्थळ आणि हक्क हे घटक त्यात येतात. त्यांपैकी कोकणाच्या बाबतीत स्थळ आणि दिनांक या दोन घटकांवर विशेष कष्ट घ्यावे लागतात.

स्थळाबाबत पाहावे. एक मुरुड दापोली तालुक्यात आहे आणि दुसरे जंजिऱ्यासमोर रायगड जिल्ह्यात. नुसते ‘मुरुड’ लिहिल्यास दोन्हींचे कागद एकमेकांत मिसळतात. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर वेंगुर्ले, मालवण, देवगड ही ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यात दिसतात. आजचा रायगड जिल्हा त्या काळी कुलाबा जिल्हा होता. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने होती. इंग्रजांच्या कागदांत विजयदुर्गाला घेरिया म्हटले आहे, तर बाणकोटच्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया. म्हणून स्थळाच्या रकान्यात कागदावरील नाव जसेच्या तसे लिहावे आणि त्यापुढे आजचे गाव, तालुका व जिल्हा द्यावा. वाडीचे नाव कळले तर तेही द्यावे, कारण कोकणातील गाव वाड्यांत पसरलेले असते आणि घराण्यांचा शोध वाडीपासूनच सुरू होतो.

दिनांकाचे काम त्याहून नाजूक आहे. शालिवाहन शकाचे इसवी सनात रूपांतर करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 आणि त्यानंतर फाल्गुनाअखेरपर्यंत 79 मिळवावे लागतात. पेशवाईतील कागदांवर बहुधा सुहूर सन असतो व तो अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161; हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होत असल्याने डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून 600 मिळवतात, म्हणजे ते 1760-61 येते, आणि 14 जानेवारी 1761 ची पानिपतची लढाई याच सनात पडते. रूपांतरात एका वर्षाचा फरक सहज पडतो, म्हणून मूळ काळगणना जशी आहे तशी लिहावी आणि स्वतः काढलेले इसवी सन चौकटी कंसात द्यावे. तारीख अंदाजाने ठरवली असेल तर अंदाजाचा आधारही लिहावा: कागदावरील जलचिन्ह, मजकुरातील एखाद्या अधिकाऱ्याचा उल्लेख किंवा टपालाचा शिक्का.

भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ एवढ्यावर थांबू नये. मुलाखत मालवणीत, संगमेश्वरीत, बाणकोटीत, दालदीत की चित्पावनीत आहे हे वर्णनात लिहिले तरच बोलींचा अभ्यास करणाऱ्याला ती सापडते. वर्णन मराठीत लिहावे आणि त्याखाली इंग्रजीत चार-पाच ओळींचा सारांश द्यावा. केवळ इंग्रजी वर्णन दिल्यास ज्या गावाचा तो कागद आहे त्या गावालाच तो शोधता येत नाही. शेवटी, कागद कोणाकडून, कसा आणि कोणत्या अवस्थेत हाती आला, हे दोन वाक्यांत नोंदवावे. कुटुंबाला नाव नको असेल तर गावाचा उल्लेख पुरतो.

काय खुले करू नये

खुलेपणाचा आग्रह धरणाऱ्याने त्याच्या मर्यादाही पाळल्या पाहिजेत. कोकणात सामायिक जमिनींचे, कुळांचे आणि वाटण्यांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. 1949 च्या कायद्याने खोती, म्हणजे खोतांमार्फत गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, रद्द झाली, तरी त्या काळचे कागद आजच्या दाव्यांत पुराव्यासाठी काढले जातात. अशा दप्तरांत कर्जे, जातिवाचक उल्लेख आणि घरगुती तंटेही आढळतात. जुन्या कागदातील अपमानकारक शब्द पुसू नयेत, कारण तो इतिहासाचा पुरावा आहे. परंतु वर्णनात ते स्वतःच्या शब्दांप्रमाणे वापरू नयेत. हयात व्यक्तींचे तपशील असतील तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा लक्षात ठेवून ती धारिका बंद ठेवावी आणि केवळ नोंद खुली करावी. झेनोडोमध्ये अशी मर्यादित प्रवेशाची आणि ठरावीक तारखेनंतर आपोआप खुली होण्याची सोय आहे.

उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी येथील कातळशिल्पांचा 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला आणि ती आता सर्वांना ठाऊक आहेत. पण सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) नव्याने सापडलेल्या, कुंपण किंवा पहारा नसलेल्या शिल्पाचे अचूक अक्षांश-रेखांश जगाला देणे म्हणजे त्याची नासधूस ओढवून घेणे होय. तेथे गावापर्यंतची माहिती द्यावी आणि पुरातत्त्व विभागाला मात्र अचूक स्थान कळवावे. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवरील कासवांच्या घरट्यांच्या किंवा दुर्मीळ वनस्पतींच्या नोंदींनाही हेच लागू आहे.

नमन-खेळे, जाखडी किंवा दशावतार या लोककलांचे मुद्रण केले असेल तर कलावंतांना कायद्याने 50 वर्षांचा सादरकर्त्याचा हक्क आहे. मुद्रण कोठे ठेवले जाणार, कोण पाहू शकणार आणि त्यातून कोणी पैसे मिळवू शकेल का, हे मंडळाला समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यावी. वयोवृद्ध व्यक्तीला कागदावर सही करण्याचे दडपण येत असेल, तर मुलाखतीच्या आरंभी तिच्याच आवाजात संमती मुद्रित करावी आणि ती तुकडा न कापता जपावी.

प्रत्यक्ष नोंद चढवताना

प्रथम ऑर्किड (ORCID) या संशोधकांना ओळखक्रमांक देणाऱ्या सेवेवर विनाशुल्क खाते काढावे. त्याचा 16 अंकी क्रमांक लेखकाची ओळख कायम ठेवतो, आणि एकाच गावात एकाच नावाआडनावाचे अनेक जण असलेल्या कोकणात त्याची गरज अधिक आहे. त्याच खात्याने झेनोडोत प्रवेश करता येतो. सवय होईपर्यंत झेनोडोच्या चाचणी-संकेतस्थळावर एक नोंद करून पाहावी. खऱ्या नोंदीत आधी डीओआय राखून घेण्याची सोय आहे. तो क्रमांक घेऊन पीडीएफच्या पहिल्या पानावर छापावा आणि मग ती धारिका चढवावी, म्हणजे पुढे ती प्रत कोठेही फिरली तरी मूळ स्थान कळते. ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून नोंद वाचून घ्यावी. प्रकाशनानंतर वर्णन सुधारता येते, परंतु धारिका बदलायची झाल्यास सामान्यतः नवी आवृत्ती काढावी लागते. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय मिळतो आणि सर्व आवृत्त्यांसाठी एक सामाईक डीओआय असतो. संदर्भ देताना नेमका मजकूर दाखवायचा असेल तर आवृत्तीचा, आणि संपूर्ण संग्रह दाखवायचा असेल तर सामाईक क्रमांक वापरावा. इंटरनेट आर्काइव्हवर नोंदीच्या पत्त्यात येणारे नाव सुरुवातीलाच विचार करून द्यावे.

नोंद खुली झाल्यावर तिचा दुवा कागद देणाऱ्या कुटुंबाला, गावच्या वाचनालयाला आणि ज्या मंडळाचे किंवा देवस्थानचे ते साहित्य आहे त्याला छापील चिठ्ठीवर द्यावा. गावातील माणसे नावे ओळखतात, वाडी चुकली असल्यास सांगतात, छायाचित्रातील व्यक्ती कोण हे कळवतात. अशी प्रत्येक दुरुस्ती कोणी, केव्हा सुचवली हे त्यांच्या संमतीने वर्णनात लिहावे, आणि लिप्यंतरातील दुरुस्त्या साठल्या की वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या मोकळ्या दिवसांत, त्याची नवी आवृत्ती चढवावी.